परतीचं पाणी: कोकणच्या समुद्रात उतरण्याआधी आणि होडी लोटण्याआधी

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. थंडी सरत आलेली, समुद्र वर्षातल्या सर्वांत शांत दिवसांत. दरवर्षी अशा बातम्या येतात आणि दरवर्षी तेच शब्द वाचायला मिळतात: 'पाण्याचा अंदाज न आल्याने'.

हा अंदाज म्हणजे नेमकं काय, ते सांगण्यासाठी हा लेख. मी खाडीकाठी वाढलो. आमच्याकडे म्हातारी माणसं लाटेला फारसं भीत नसत. लाट येते ती डोळ्यांसमोर येते, वाजत येते. ते बघत असत ते पाणी परत कुठून जातंय. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चढलेलं पाणी, भरतीला खाडीत शिरलेलं पाणी, पावसाचं डोंगरावरून उतरलेलं पाणी, या सगळ्याला शेवटी समुद्रातच जायचं असतं आणि ते जाताना आवाज करत नाही. पोहणारा असो, किल्ला बघायला चालत गेलेला असो की होडीवाला, बहुतेकांना गाठतं ते हे परतीचं पाणी. त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याच मागावर आहे.

घरातून निघण्याआधी: तिथी बघा

हॉटेलचं बुकिंग करताना आपण शनिवार-रविवार बघतो, तिथी बघत नाही. कोकणात मात्र हिशोब तिथीवरून होतो आणि तो शाळकरी पोरालाही येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यापासून सहा तासांवर, म्हणजे नऊच्या सुमाराला, सकाळ-रात्री ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब एकच. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास.

हे मुंबई-अलिबागकडे बऱ्यापैकी जुळतं. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते. शिवाय तिथी दिवसाच्या मध्यातही बदलते, तेव्हा अर्धा-एक तास इकडेतिकडे धराच. जिथे मिनिटांशी गाठ आहे तिथे छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक किंवा मोबाइलवरचं कोष्टक वापरा. पाऊणपटीचा खरा उपयोग असा की कोष्टक चुकीच्या गावाचं उघडलं असेल तर लगेच खटकतं.

वेळेइतकंच महत्त्वाचं आहे पाणी किती चढणार-उतरणार हे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं; अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं, गोव्यात साधारण दोन मीटर, आणि उत्तरेला खंभातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्या वर. जितका फरक मोठा, तितकं जास्त पाणी त्याच सहा तासांत आत-बाहेर करायचं असतं, म्हणून ओढही मोठी. मुंबई महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती रस्त्यावर पाणी तुंबण्यासाठी म्हणून आपण वाचतो. चौपाटीवर जाणाऱ्यानेही ती वाचावी.

आता बाराव्या हिश्श्याचा नियम, जो खलाशी लोक जगभर वापरतात. सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वाढतं. माणूस म्हणतो, काही नाही, बसू अजून. तिसऱ्या तासात तेच पाणी एक मीटर चढतं आणि चौथ्या तासात आणखी एक. ओहोटीचंही तसंच, मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने जातं. पोहण्यासाठी, विशेषतः खाडीच्या आसपास, हे मधले दोन तास सोडून द्यावेत.

तिसरी गोष्ट दूरच्या लाटांची. इथे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरीही पाणी अचानक पुळण ओलांडून वर येतं. या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या टोकाशी झालेल्या वादळांतून निघतात आणि काही दिवसांनी आपल्याकडे पोहोचतात. केरळात याला 'कल्लकडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४च्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या इनकॉइस या संस्थेने अशाच लाटांचा इशारा दिला होता आणि मुंबईतही लोकांना किनाऱ्यापासून दूर राहायला सांगितलं गेलं. इनकॉइसचे इशारे त्यांच्या संकेतस्थळावर आणि 'समुद्र' नावाच्या ॲपवर मिळतात. निघायच्या दिवशी सकाळी एकदा बघा.

किनाऱ्यावर पोचल्यावर: दहा मिनिटं नुसतं उभं राहा

गाडीतून उतरल्या उतरल्या पोरं पाण्याकडे पळतात. त्यांना हाताला धरा, नारळपाणी पाजा, काहीही करा, पण दहा-पंधरा मिनिटं थांबा. लाटा टोळीने येतात. काही मिनिटं लहान, मग चार-सहा मोठ्या, मग पुन्हा लहान. पहिल्या दोन मिनिटांत जे दिसलं तोच समुद्र असं धरून चालणं ही पहिली चूक.

बांधावर किंवा जरा उंच जागेवर चढा आणि लाटा कुठे फुटतात ते बघा. लाटेचं पाणी पुळणीवर साचतं आणि त्याला परत जायला वाट लागते. पाण्याखाली वाळूचे आडवे उंचवटे असतात, त्यांच्यावर लाटा फुटतात. दोन उंचवट्यांच्या मधे जो खोलगट भाग असतो तिथून साचलेलं पाणी जोरात बाहेर पडतं. हाच रिप करंट. गावाकडे कोणी तो शब्द वापरत नाही. मालवणच्या दांडीवर एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, मला लहानपणी एवढंच सांगितलं होतं: "पाण्याक ओढ आसा रे, फुडे जाव नको."

ओढ दिसते, पण उलटी दिसते. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळतोय आणि मधेच एक पट्टा गप्प आहे, लाटा तिथे फुटत नाहीत, पाणी गडद किंवा वाळूने गढूळ आहे, वर बारीक चुण्या पडल्यासारखं दिसतं, आणि फेसाचे पुंजके किनाऱ्याकडे यायचे सोडून समुद्राकडे चाललेत. तीच ती जागा. पोहता न येणारा माणूस, लेकरं घेऊन आलेली आई, सगळे नेमके त्या गप्प पट्ट्यात उतरतात, कारण तिथे लाटा मारत नाहीत. समुद्रावरची ही सर्वांत वाईट फसगत आहे असं माझं मत आहे.

खात्री करायची असेल तर नारळाचं एखादं सोडण पाण्यात फेका आणि त्याच्यावर नजर ठेवा. ते लाटांबरोबर परत पुळणीवर आलं तर ठीक. आडवं सरकत गेलं तर किनाऱ्याला समांतर धार आहे, म्हणजे तुम्हीही नकळत तिकडे सरकणार आणि पुढे कुठेतरी ती धार समुद्राकडे वळणार. सरळ बाहेर गेलं तर जागा बदला.

काही ठिकाणी सोडण टाकायचीही गरज नाही, तिथे ओढ कायमची असते. खडकाच्या टोकाला, जेट्टीच्या आणि बंधाऱ्याच्या कडेला: आडवी धार तिथे अडते आणि खडकाला घासून बाहेर पडते. ओढा किंवा नाला समुद्राला मिळतो तिथे. आणि खाडीच्या मुखाशी, ज्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो. ओढीचा जोर बहुधा ओहोटीच्या सुमाराला वाढतो, कारण पाणी उथळ झालं की वाळूचे उंचवटे लाटांना जास्त अडवतात आणि परतीची वाट अरुंद होते. त्याच वेळी पुळण रुंद, छान, फोटोला उत्तम दिसते.

गोव्यात २००८ पासून राज्याने पगारी जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळे झेंडे लावलेले दिसले तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. महाराष्ट्रात जीवरक्षक मोजक्याच किनाऱ्यांवर आहेत. बाकी ठिकाणी जाळं विणत बसलेला माणूस हाच तुमचा जीवरक्षक. त्याच्याजवळ जाऊन "काका, आज पाण्याला ओढ कुठे आहे?" एवढं विचारा. तो एका शब्दात सांगेल. "बुडण्याची भीती आहे का?" असं विचारलंत तर मात्र हसेल, कारण ती नेहमीच असते.

पाण्यात असताना

कमरेपर्यंत पाणी ही मर्यादा ठेवा. फुटणारी लाट छातीवर आली की पाय उचलले जातात, आणि पाय उचलले गेले की पोहता येणं-न येणं वेगळं राहत नाही. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचं वजन एक टनाहून थोडं जास्त भरतं. मुलं हाताच्या अंतरावर हवीत, 'मी बघतोय' एवढ्या अंतरावर नव्हे. दारू पिऊन उतरू नका. हवेने फुगवलेली ट्यूब वाऱ्यावर बाहेर जाते, तिच्या भरवशावर पोराला सोडू नका.

वाळूत पाय उचलून न टाकता घसटत चाला. तळाशी पाकट नावाचे चपटे मासे पडून असतात; पाय घासत येतोय हे कळलं की निघून जातात, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. २०१३च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांनी काटे मारले होते. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास धरा आणि डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखा ब्लू बॉटल हा डंख करणारा जीव वाहून येतो. त्याचे धागे चोळू नका, समुद्राच्या पाण्याने अलगद काढा. उपाय तोच, गरम पाणी.

ओढीत सापडलात तर

हे वाचून पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

ओढ तुम्हाला खाली खेचत नाही. बुडालेल्यांबद्दल 'भोवऱ्यात सापडला' असं लोक म्हणतात, पण पुळणीवरच्या ओढीत भोवरा नसतो. ती बाहेर नेते, इतकंच. माणूस बुडतो तो तिच्याशी भांडून, दमून. नेहमीची ओढ सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास असते, पण जोरात असली तर सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाते. आपण साधे पोहणारे सेकंदाला धड एक मीटर सरकत नाही. किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिलात तर जागच्या जागी दमाल किंवा मागे जाल.

तेव्हा पहिलं काम, उताणे व्हा आणि तरंगा. खारं पाणी तुम्हाला गोड्यापेक्षा चांगलं उचलून धरतं. श्वास सावरला की एक हात वर करून हलवा, ओरडा. दुसरं, थोडा दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. ओढीचा पट्टा बहुधा दहा ते तीस मीटर रुंद असतो, तो संपला की संपला. कोणत्या बाजूला? जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे, कारण तिथे उथळ आहे. आणि आडवी धार असेल तर तिच्या बरोबरीने, तिच्याविरुद्ध नाही. तिसरं, पांढऱ्या फेसात आलात की लाटा तुम्हाला स्वतःच किनाऱ्याकडे ढकलतात, तेव्हा तिरके परत या.

समांतर पोहायलाही जमलं नाही तर नुसते तरंगत राहा. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे ओढीचा जोर ओसरतो, आणि बऱ्याचदा ती गोल फिरून तुम्हाला पुन्हा उथळ भागाकडे आणते. तिथवर जायला भीती वाटते, हे खरं. पण त्या भीतीत घालवलेली शक्तीच पुढे लागणार असते.

दुसरं कोणी सापडलं तर

पाण्यात उडी मारू नका. कठोर वाटेल, पण एक वाचवायला गेला आणि दोघे गेले, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. बुडणारा माणूस हात मारत ओरडत असतो हा सिनेमाचा समज. बहुधा तो गप्प असतो, तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागे, हात बाजूला दाबलेले. शेजारी पाच फुटांवर उभ्या असलेल्यांना कळत नाही.

एकाने त्याच्यावरची नजर हटवू नये आणि हात त्याच्या दिशेला धरून ठेवावा. दुसऱ्याने ओरडून होडीवाल्यांना, जीवरक्षकाला बोलवावं. तिसऱ्याने ११२ किंवा सागरी पोलिसांचा १०९३ लावावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. बुडणाऱ्याकडे तरंगणारं काहीही फेका: रिकामा कॅन, झाकण लावलेल्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या, थर्माकोलचा डबा, जाळ्याची बोया, दोर. पोहणाऱ्याला जाणं भागच असेल तर त्याने तरंगणारी वस्तू स्वतःजवळ घेऊनच जावं आणि ती पुढे करावी, हात देऊ नये.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालू नसेल तर डोकं किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून आधी तोंडावाटे श्वास द्या. बुडालेल्या माणसाला सर्वांत आधी हवाच हवी असते. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, ३० दाब, २ श्वास. दाब मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी १०८ बोलावून त्याला दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

चालत गेलेल्यांसाठी: किल्ला, खडक आणि गाडी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि परत येताना लोक अडकतात. इथे तिथीचा एक पेच आहे. उधाणाला ओहोटी पूर्ण सुकते, पण ती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पर्यटकाच्या सोयीची, भर बाराची ओहोटी येते अष्टमी-नवमीला, आणि तेव्हा भांग असल्यामुळे वाट पुरती कोरडी पडेलच असं नाही. मला विचाराल तर तृतीया-चतुर्थीची सकाळ बरी. ओहोटी साडेआठ-नऊची, पाणीही चांगलं हटलेलं. साडेसातला निघा, आणि किल्ल्यात कितीही रमलात तरी दहाच्या आत परतीच्या वाळूवर पाय ठेवा. भरती उलटली की बाराव्या हिश्श्याचा नियम आठवा. पाणी घोट्यापर्यंत आहे तोवर निघा. मांडीपर्यंत आलं आणि धार आडवी लागत असेल तर निघू नका. किल्ल्यातच थांबा. पुढची ओहोटी येईलच, उपाशी राहाल एवढंच.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राच्या अगदी कडेने जाते. ती ओहोटीलाच करायची, आणि तिथल्या लोकांनी नको म्हटलं तर देवाला हात जोडून मागे फिरायचं. खडक ओला आणि काळा दिसतो तिथपर्यंत लाट आज येऊन गेलेली आहे, म्हणजे ती पुन्हा येऊ शकते. वांद्र्याच्या खडकांवर, मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटच्या चौपायांवर पावसाळ्यात उभं राहणाऱ्यांनाही हेच लागू. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.

पुळणीवर गाडी घालणाऱ्यांसाठी माझ्याकडे एकच वाक्य आहे: जेसीबीवाल्याचा नंबर आधी घेऊन ठेवा.

खाडीचं मुख: इथे वरचे सल्ले पुरत नाहीत

पुळणीवरची ओढ शंभर-दोनशे मीटरवर संपते. खाडीतून निघालेली ओहोटी संपत नाही. सहा तासांत आत शिरलेलं सगळं पाणी पुढच्या सहा तासांत त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडतं, आणि पावसाळ्यात त्यात नदीचा पूर मिसळतो. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही येत असतं. इथे समांतर पोहून सुटाल, पण तो पट्टा तीस मीटरचा नसतो, आणि तुम्ही किनाऱ्यापासून किलोमीटरभर बाहेर गेलेले असू शकता. देवबागचा संगम बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी जीभ. पाणी गुडघाभर आहे म्हणून चालत जावं आणि पुढच्या पावलाला तळ नसावा, अशी जागा. तिथे, आणि कोणत्याही खाडीच्या तोंडाशी, पोहू नये. याला अपवाद मी ठेवत नाही.

खाडीची धार डोळ्यांनी बघायची असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसा आणि तिचं तोंड कुठे आहे ते पाहा. मधल्या वेळी ती समोरच्या धक्क्याकडे तोंड करून जातच नाही, धारेच्या वरच्या अंगाला तिरकी राहते, आणि तरीही बरोबर धक्क्याला लागते. होडी चालवायला शिकणाऱ्याचा हा पहिला धडा.

होडी आणि लाँच नेणाऱ्यांसाठी

तो तिरकेपणा किती ठेवायचा याचा हिशोब सोपा आहे. तुमची होडी सहा नॉटने चालते आणि दोन नॉटची धार बरोबर आडवी आहे. सरळ तोंड धरलंत तर तासाभरात दोन सागरी मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटर, धारेबरोबर वाहून जाल. नेमकं समोर जायचं असेल तर सुमारे वीस अंश धारेकडे तोंड वळवावं लागतं, आणि वेग साडेपाचच्या किंचित वर उरतो. जीपीएस हाताशी असेल तर त्यावर होडीचं तोंड आणि होडीची वाट या दोन दिशा वेगळ्या दिसतात. त्यांतला फरक म्हणजे धार आणि वारा. जीपीएस नसेल तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, पुढे देवळाचा कळस आणि मागे डोंगरावरचा माड. एक खूण दुसरीच्या बाजूला सरकायला लागली की तुम्ही वाहताय.

खाडीच्या मुखातून बाहेर पडणं आणि परत येणं हा दिवसातला सर्वांत धोक्याचा अर्धा तास. मुखाशी वाळूचा उंचवटा असतो आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. गेल्या वर्षीचा रस्ता यंदा धरू नका. मांडवी नदीच्या मुखाशी अग्वादजवळ साचणाऱ्या वाळूमुळे पावसाळ्यात खनिजाच्या बार्जना तो मार्ग सोडून कुंभारजुवे कालव्याने जावं लागत असे. मोठ्या बार्जची ही कथा, तर लहान होडीने काय शहाणपण दाखवावं.

मुख ओलांडायची वेळ भरतीच्या शेवटच्या दोन तासांत ठेवा. पाणी खोल असतं, धार मंदावत असते, आणि चुकून वाळूला लागलात तर वाढतं पाणी तुम्हाला उचलून सोडवतं. ओहोटीला लागलात तर पुढची भरती येईपर्यंत कलंडून पडून राहाल. आणि उधाणाच्या अगदी टोकाच्या भरतीला रुतलात तर तेवढं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागू शकतो. दुपारची ओहोटी तर टाळाच. आपल्या खाड्या पश्चिमेला उघडतात. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, खाडीतून पाणी बाहेर निघतं, दोघांची टक्कर मुखाशी होते आणि लाटा आखूड, उभ्या भिंतीसारख्या होतात. तोच वारा भरतीबरोबर असताना निम्म्याने सौम्य वाटतो.

बाहेर पडताना लाटेला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सरळ द्या, आडवे येऊ नका. आत येताना एका लाटेच्या पाठीवर राहा, तिला ओलांडून पुढे जाऊ नका, कारण पुढे गेलात तर होडी तिच्या उतारावर घसरून आडवी होते आणि पालथी पडते. अर्ध्या वाटेत विचार बदलून वळायला जाऊ नका. आत शिरण्याआधी बाहेर थांबून लाटांची एक टोळी जाऊ द्या. मुख पार होईपर्यंत सगळ्यांच्या अंगात जॅकेट. फळीखाली बांधून ठेवलेली जॅकेटं तपासणीसाठी असतात, बुडणाऱ्यासाठी नव्हे.

बंदरावर लावलेला वादळाच्या इशाऱ्याचा बावटा बघायची सवय मोबाइलने मोडली. एक आणि दोन नंबर म्हणजे दूर समुद्रात बिघाड आहे. तीन नंबर म्हणजे बंदरावरच जोराचे झोत येण्याची शक्यता. तीन नंबरचा बावटा लागला की लहान होडी बाहेर काढायची नाही. चार नंबर म्हणजे बंदरालाच वादळाचा इशारा. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका, आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी म्हणून सांगतात, पण जुनी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नसत ते या समुद्राच्या भीतीने. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी आषाढ अमावास्या होती.

इंजिन बंद पडलं तर, आणि मोठी जहाजं

इंजिन बंद पडलं की तुम्ही होडी राहत नाही, सोडण होता. वारा आणि धार नेतील तिकडे जाता. मोठ्या जहाजांचंही वेगळं होत नाही. जून २०११मध्ये भंगारात निघालेलं 'विस्डम' हे जहाज ओढून अलंगला नेलं जात असताना दोर तुटला आणि ते जुहूच्या पुळणीवर येऊन बसलं. त्याच वर्षी 'पवित' नावाचं जहाज खलाशांनी ओमानच्या बाजूला सोडून दिलं. ते बुडालं असेल असं सगळे समजले. महिन्याभराने, ३१ जुलैला, माणसाविना वाहत वाहत ते जुहूलाच लागलं. गोव्यात कांदोळीजवळ 'रिव्हर प्रिन्सेस' जून २००० मध्ये वाळूत बसलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहून त्याने आजूबाजूची पुळण खायला लावली. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर 'बसरा स्टार' ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आदळलं. चारही प्रसंग जून-जुलैतले. नैऋत्येचा वारा आणि लाटा सुटलेल्या वस्तूला आपल्याच किनाऱ्याकडे आणतात, आणि त्या दिवसांत किनाऱ्याजवळची मोठी धार दक्षिणेकडे वाहते. हिवाळ्यात ती उलटी, उत्तरेकडे होते. हरवलेली होडी शोधायला निघताना हे आधी बघतात.

म्हणून इंजिन थांबताच पहिला हात नांगराकडे. इंजिन उघडून बघायचं ते नंतर. खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडा. आठ मीटर पाणी असेल तर चाळीस ते पंचावन्न मीटर. दोर आखूड असेल तर नांगर उभा ओढला जातो आणि तळाला धरत नाही. दोराचं आतलं टोक होडीला पक्कं बांधलेलं आहे ना हे घाटावरच बघा; घाईत नांगर दोरासकट समुद्राला अर्पण केलेले मी दोन तरी तांडेल पाहिलेत. तळ लागत नसेल इतकं खोल असेल तर बादली, जाळं, ताडपत्री दोराला बांधून नाळेकडून सोडा. होडीचं तोंड लाटांकडे राहतं आणि वाहण्याचा वेग कमी होतो.

मग व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर बोला. आधी आपण कुठे आहोत, मग होडीचं नाव, मग किती माणसं, मग काय झालंय, याच क्रमाने, म्हणजे मधेच संपर्क तुटला तरी जागा पोहोचलेली असते. व्हीएचएफ नसेल आणि मोबाइलला रेंज असेल तर १५५४. खोल समुद्रात जाणाऱ्यांकडे संकटसूचक यंत्र असतं, त्याचं बटण दाबून ते आभाळ मोकळं दिसेल असं ठेवा. फोन करून झाल्यावर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि गाणी बंद करा. रात्र पडली तर दर अर्ध्या तासाला टॉर्च गोल फिरवा. आणि होडी तरंगते आहे तोवर, उलटी होऊन का होईना, तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. वरून शोधणाऱ्याला होडी दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही.